घेतल्या भावाखाली विकायचं नाही

इचलकरंजीत कापड व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. मंदी आली की "घेतल्या भावाखाली माल सोडायचा नाही" हे वाक्य ठरलेलं. एका शेठजींचं गोडाऊन कोऱ्या कापडाच्या ताग्यांनी छताला टेकलं होतं. सुताचा भाव उतरला तसा शेजाऱ्याने मीटरमागे दोन रुपये तोटा खाऊन माल काढला आणि स्वस्त सुतावर नवा धंदा धरला. शेठजी सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज भरत बसले. व्याज आणि भाडं धरून तोटा तीन रुपयांच्या वर गेल्याचा कागद मी पुढे सरकवला. त्यांनी तो न बघताच परत केला. "बाजारात तोंड कसं दाखवू?"

अगदी हेच १९२५ साली लंडनमध्ये झालं. महायुद्धाने ब्रिटनचं कंबरडं मोडलं होतं, भाव वाढले होते, तरी पौंड पुन्हा सोन्याला बांधायचा तो १९१४ च्याच दराने, म्हणजे ४.८६ डॉलरला, हा हट्ट. पौंडाने डॉलरच्या डोळ्याला डोळा भिडवला पाहिजे, अशी तिथली भाषा! गंमत म्हणजे अर्थमंत्री चर्चिलनेच आधी लिहिलं होतं की, वित्ताचा तोरा थोडा कमी आणि उद्योग थोडा जास्त समाधानी असलेला मला चालेल. एप्रिलमध्ये घोषणाही त्यानेच केली. पौंड साधारण दहा टक्के महाग होतोय, असं अर्थशास्त्रज्ञ केन्स ओरडून सांगत होता.

महाग पौंडात कोळसा बाहेर कोण घेणार? जर्मनीतल्या रूरच्या खाणी पुन्हा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे सगळं खापर पौंडावर फोडता येत नाही. पण खाणमालकांनी हात घातला तो मजुरीला. मे १९२६ मध्ये देशभर संप झाला. तो नऊ दिवसांत मिटला. खाणकामगार मात्र हिवाळ्यापर्यंत लढले आणि कमी मजुरीवर परतले. तोरा साहेबांचा, पोट त्यांचं.

आपल्याकडे १९२७ मध्ये रुपया १८ पेन्सला बांधला. मुंबईचे गिरणीमालक १६ पेन्स मागत होते, मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी सरकारी चलन आयोगाच्या अहवालात विरोधी टिपण जोडलं. महाग रुपयाने इंग्लंडमधल्या लँकेशायरचं कापड इथे स्वस्त पडायचं, म्हणजे यात तोऱ्यापेक्षा मतलब जास्त. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोनं सोडलं आणि डिसेंबरात पौंड साडेतीन डॉलरच्याही खाली आला. रुपयाचे १८ पेन्स मात्र होते तिथेच राहिले.