तुम्ही विचारलंत म्हणून: घरी मराठी लिहायला कसं शिकवायचं?

"मुलगी पाच वर्षांची आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरीच शिकवायचंय. वही कुठली आणू आणि रोज किती पानं लिहून घेऊ?" थोड्याफार फरकानं हाच प्रश्न सारखा येतो. पानांचं उत्तर आधी: अर्धं पान, दहा मिनिटं, बस. हात दमला की वळण बिघडतं, आणि मग सराव होतो तो बिघडलेल्या वळणाचा.

वहीचं उत्तर जरा लांबचं आहे, कारण वहीच्या आधी बोटं येतात. पेन्सिल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, मधल्या बोटाच्या कडेवर टेकलेली, टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर धरलेली हवी. ही चिमट वहीवर तयार होत नाही. मटार सोलणं, मेथी निवडणं, कणकेच्या बारीक गोळ्या करणं, रांगोळीचे ठिपके काढणं यातून ती होते. रांगोळी तर नेमकी त्याच बोटांत धरावी लागते. मूल पेन्सिल मुठीत धरत असेल तर "नीट धर" असं शंभरदा सांगण्यापेक्षा लांब पेन्सिल काढून घ्या आणि बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा द्या. मूठ आवळायला जागाच उरत नाही. टेबलाशी बसत असेल तर पाय टेकले पाहिजेत. लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा डबा ठेवा.

आता वही. शाळेची चाररेघी मराठीसाठी वापरू नका. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. एकाच वहीत दोन्ही लिहिणाऱ्या मुलांचं मराठी खालच्या रेघेवर उभं राहतं, मग शिरोरेघ कधी उंच, कधी ठेंगणी होते. कोऱ्या कागदावर दोन-दोन सेंटिमीटरवर दोन रेघा स्वतः आखा, वरची रंगीत. अक्षर त्या रंगीत रेघेपासून सुरू होऊन खाली येतं, एवढं आधी पक्कं करा. मग दुरेघी, आणि एकरेघी शेवटी. पाटी असेल तर फार चांगलं: पेन्सिल खरखरते, बोटांना वळण जाणवतं, आणि पुसून टाकता येत असल्यामुळे मूल चुकायला घाबरत नाही.

अ, आ, इ, ई या क्रमानं लिहायला लावू नका. तो क्रम म्हणायचा आहे, लिहायचा नाही. अ म्हणजे दोन अर्धगोल, आडवी रेघ आणि उभा काना. पहिल्याच दिवशी हे फार होतं. जुन्या शिक्षकांचं 'गमभन' यासाठीच होतं. चारही अक्षरांत एक गाठ आणि एक काना. ग ची गाठ जमली की म मध्ये तीच गाठ आडव्या रेघेनं कान्याला जोडायची, न मध्ये आडव्या रेघेच्या डाव्या टोकाला तीच. भ ला सुरुवातीला वर एक वळसा वाढतो. पुढे व, ब, क: व चा फुगा एकदा आला की ब ला पोटात तिरपी रेघ, क ला उजवीकडे शेपूट. मग प, ष, फ. मग र, स, ख. ट, ठ, ढ, द, ड या अक्षरांना पूर्ण काना नाही, शिरोरेघेखाली आखूड दांडी आणि तिला गोलाई. मुलं ती दांडी खालपर्यंत ओढतात आणि गोलाईला जागा उरत नाही. ख वर जरा थांबा. र ची शेपटी खाली व ला जाऊन टेकली नाही तर 'खाणं'चं 'रवाणं' वाचलं जातं.

कुठल्याही शब्दाचा क्रम ठरलेला ठेवा: अक्षरं डावीकडून उजवीकडे, मग शिरोरेघ एका दमात संपूर्ण शब्दावर, मग वरच्या मात्रा, अनुस्वार, रफार. अक्षरागणिक शिरोरेघ मारली की शब्द तुटतो आणि दोन शब्दांमधली एका बोटाची जागा कुठली तेच मुलाला कळत नाही. मात्र थ, ध, भ यांवर रेघ अखंड जात नाही, डावीकडचा वळसा मोकळा राहतो. तिथे रेघ सरळ ओढली की ध चा घ आणि भ चा म होतो. अनेकदा पालक याला शुद्धलेखनाची चूक समजून रागावतात; चूक फक्त हाताची असते. पहिल्या वेलांटीची अडचण वेगळीच. 'कि' लिहिताना मुलं क आधी काढतात आणि वेलांटीची उभी रेघ कुठेतरी कोंबतात. ती रेघ आधी काढायची, मग क, आणि वरची कमान क च्या कान्यापर्यंत न्यायची.

ठिपके जोडून गिरवायचे तयार कागद सगळ्यांना आवडतात, कारण पान भरलेलं दिसतं. मला त्यांचा फारसा भरवसा नाही. मूल ठिपका ते ठिपका जातं, चित्र काढतं. रेघ खालून वर ओढली तरी पानावर कळत नाही. गिरवायचंच असेल तर सुरुवातीचा एक ठळक ठिपका आणि दिशेचा बाण द्या, तीनदा गिरवून घ्या आणि चौथं अक्षर शेजारी कोऱ्या जागेत. त्याआधी तुम्ही पाटीवर खडूनं मोठं अक्षर काढा आणि मुलाला ओल्या बोटानं ते पुसत न्यायला सांगा. बोट कुठून कुठे जातंय ते समोर दिसतं, आणि तुम्ही शेजारी बसलेले असता, हेही काही कमी नाही. खोडरबर सुरुवातीला देऊच नका. पाच अक्षरांतलं सगळ्यात चांगलं कुठलं ते मुलालाच गोल करू द्या.

पान उलटून मागे हात फिरवा. खड्डे लागत असतील तर दाब जास्त आहे: कागदाखाली घडी घातलेला रुमाल ठेवा, जोर दिला की कागद फाटतो, हात आपोआप हलका होतो. रेघ फिकी आणि थरथरती असेल तर एचबीऐवजी टूबी पेन्सिल द्या.

आजी-आजोबा, शाळा आणि मोबाइल यांच्या ल आणि श वरून घरोघरी वाद होतात. 2009 च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला आहे, तोच शिकवा. हिंदी वळणाचा ल वाचता आला की पुरे.

३ आणि ६ उलटसुलट होणं, अक्षर आरशातल्यासारखं येणं सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतं. त्यानंतरही टिकलं, किंवा लिहिताना हात दुखतो अशी तक्रार राहिली, तर सराव वाढवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. कागदाचं वरचं टोक उजवीकडे कलतं ठेवा आणि पेन्सिल तीन-चार सेंटिमीटरवर धरायला द्या, म्हणजे लिहिलेलं बोटांखाली झाकलं जात नाही. उजव्या हाताला डावीकडून उजवीकडे जाणारी शिरोरेघ ओढावी लागते, डाव्या हाताला तीच ढकलावी लागते आणि पेन्सिल कागदात रुतते. अशा मुलानं शिरोरेघ उजवीकडून डावीकडे मारली तर मारू द्या.