काटा खरा की किलोमीटर खरे? स्पीडोमीटर दुरुस्तीचा माझा अनुभव

माझं काम ठिबकच्या साहित्याचं, म्हणजे सगळं फिरतीचं. शिरपूर तालुका, वर सातपुड्याच्या पायथ्याची गावं आणि अधूनमधून धुळं. पेट्रोलचा भत्ता मीटरवरच्या किलोमीटरवर मिळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर ऑफिसातून फोन आला, "मॅपवर जेवढं अंतर भरतं, त्यापेक्षा तुमचं मीटर दरवेळी सहा-सात टक्के जास्त कसं?" विचारणाऱ्याचा सूर काही बरा नव्हता.

कारण मला ठाऊक होतं. गाडी जुनी दीडशे सीसी. चेन-स्प्रॉकेट (चेन आणि ती जिच्यावर फिरते ती दातेरी चाकं) बदलताना पुढचं १५ दातांचं काढून १४ दातांचं टाकून घेतलं होतं. मागे पाइपांची बंडलं बांधून चढावर जायचं म्हणजे गाडी ओढायला पाहिजे, आणि ती ओढायलाही लागली. पण या गाडीचा स्पीड सेन्सर चाकाला नाही, गिअरबॉक्समध्ये आहे. चाक किती फिरलं हे त्याला कळत नाही, पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट किती फिरला एवढंच कळतं. दात कमी झाले की तेवढ्याच रस्त्याला शाफ्ट जास्त फिरतो आणि मीटर धावत सुटतं. स्प्लेंडरसारख्या जुन्या गाड्यांत पुढच्या चाकातून केबल निघते, त्यांना ही भानगडच नाही.

आधी मोजून घेतलं. सोनगीर ते नरडाणा हा आग्रा रोडचा पट्टा सरळ आणि सपाट आहे, सकाळी लवकर गेलं तर मोकळाही असतो. मोबाइल हँडलला लावून जीपीएसचा वेग चालू ठेवला. जीपीएस जरा मागून येतो, म्हणून काटा एका जागी धरून थोडा वेळ तसंच चालवायचं आणि मग आकडा वाचायचा. काटा ८० वर तेव्हा जीपीएस ७०, काटा ६० वर तेव्हा ५२-५३. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड धरून अंतर मोजलं तर ३० दगडांना मीटर ३२ दाखवत होतं.

इथे माझं डोकं अडकलं. वेगात फरक साडेबारा टक्क्यांचा आणि अंतरात सातचा, असं का? सेन्सर तर एकच. मग उमगलं की वेगाचा काटा कंपनीतूनच पुढे ठेवलेला असतो. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यात टायर नवा की घासलेला, हवा किती, यानेही टक्का-दोन टक्के इकडे-तिकडे होतात. म्हणून कंपन्या आधीच हात राखून ठेवतात. ओडोमीटरमध्ये, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यात मात्र असा हात राखलेला नसतो, ते सेन्सरकडून आलेले पल्स (विजेचे ठोके) मोजतं. माझ्या गाडीचा काटा १५ दातांवर असतानाही ८० ला ७५ च खरे होते, किलोमीटर मात्र बरोबर होते. स्प्रॉकेटने दोन्ही बिघडवले, आणि काट्याच्या बाबतीत ते जुन्या फरकावर चढलं.

यावर उपाय म्हणजे सेन्सर आणि मीटर यांच्या मधे बसणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक डबा. सेन्सरकडून येणारे पल्स तो घेतो आणि आपण सांगू तितके टक्के कमी-जास्त करून पुढे मीटरला देतो. स्पीडोहीलर नावाचा त्यातला ओळखीचा, पण मला एवढा खर्च करायचा नव्हता. ऑनलाइन एक साधा मिळाला, काडेपेटीएवढा, वर एक बटण आणि एक दिवा. टक्के त्या दिव्याच्या लुकलुकण्यावर मोजून भरायचे.

बसवायला नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने डबा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मीटर चालू शे ना भो, मंग काब्र छेडी ऱ्हायना?" (मीटर चालू आहे ना, मग कशाला छेडतोयस?) त्याचंही चुकलं नव्हतं. वायरिंग एकदा कापलं की पुढे निघणारे फॉल्ट त्याच्याच गळ्यात पडणार. शेवटी ठरलं की गाडीची एकही वायर कापायची नाही. सेन्सरच्या कपलरला (वायरी एकमेकांत खोचायच्या जोडाला) जुळणारी नर-मादी जोडी धुळ्यात ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाली, ती डब्याच्या वायरींना जोडली. उद्या डबा काढायचा झाला तर मूळ कपलर एकमेकांत खोचले की गाडी पहिल्यासारखी.

सेन्सरला तीन वायरी असतात: करंट, अर्थ आणि सिग्नल. रंगावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे. आम्ही गाडी मधल्या स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, चावी चालू करून मल्टिमीटरची पिन कपलरच्या मागून खोचली आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. एका वायरीवर आकडा जागचा हलेना, ती करंटची. एकीवर शून्य, ती अर्थ. तिसरीवर आकडा शून्यावरून पाच व्होल्टच्या आसपास उडी मारायचा, पुन्हा शून्य, पुन्हा पाच. हीच सिग्नलची. मेकॅनिकला तेव्हा त्यात रस यायला लागला, चाक फिरवायचं काम त्याने माझ्याकडून काढूनच घेतलं. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवलं की आवळून बसणारी नळी) चढवलं. नुसतं पीळ देऊन टेप गुंडाळली तर आपल्याकडच्या धुळीत आणि हादऱ्यांत ती टिकत नाही.

डबा टाकीखाली ठेवू नका. मी तिथेच जागा बघत होतो, पण मे महिन्यातलं खान्देशातलं ऊन आणि खालून इंजिनची धग, यात प्लॅस्टिकचं काय होईल ते सांगायला नको. सीटखाली डबल टेपने चिकटवला. दुपारी सीट उघडली तर टेपचा डिंक पातळ होऊन डबा घरंगळत बॅटरीशी गेलेला. मग सरळ दोन झिप टाय आवळले.

आता टक्के किती भरायचे, हा खरा प्रश्न. डबा पल्स कमी करतो, आणि काटा अन् किलोमीटर दोन्ही त्याच पल्सवर चालतात. एकाला वेगळा आणि दुसऱ्याला वेगळा हिशेब लावता येत नाही. विकणारे हे सांगत नाहीत. उणे साडेबारा भरून पाहिलं तर काटा ८० ला जीपीएसही ८०, बघायला छान वाटतं. पण ३० दगडांना मीटर २८ च दाखवतं, म्हणजे भत्ता माझ्याच खिशातून. शिवाय उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला किलोमीटर कमी दाखवल्यासारखं होईल, ते मला पटत नाही. उणे ६.७ भरले तर स्प्रॉकेटचा फरक तेवढा निघून जातो: ३० ला ३०, आणि काटा ८० ला ७५, कंपनीने दिला तसा.

मी ६.७ वर ठेवलं. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलला २०१८ पासून ८० ची मर्यादा आहे. काटा पाचाने पुढे असला तर स्पीड गनवाल्यासमोरून जाताना माझं काहीच बिघडत नाही. माझा अमळनेरचा मावसभाऊ म्हणतो, काटाच खोटा ठेवायचा तर एवढा खटाटोप कशाला? त्याला भत्ता मिळत नाही.

एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडीवाल्यांनी मात्र आधी नीट बघावं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे, आणि त्यातल्या काहींत मीटर चाकाच्या एबीएस सेन्सरवरूनच वेग घेतं. त्या वायरीत काही जोडायचं नाही, तो ब्रेकचा मामला आहे.

कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर डबा लावला आणि किती टक्के भरले, ते सर्व्हिस बुकात लिहून ठेवलंय. ऑफिसचा फोन नंतर आला नाही. अॅव्हरेज मात्र ५२ वरून साडेअठ्ठेचाळीसवर आलं. ५२ चा आकडा मी गावभर सांगत फिरलो होतो, तो त्या धावत्या मीटरचाच होता.