तुम्ही विचारलंत म्हणून : थंडीत गोधडी का नाही?

डिसेंबरात निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर नोंदलेला पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला, की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, थंडी फार आहे हो, एक गोधडी शिवून द्या ना." मी सांगते, होळीनंतर बघू. मग पलीकडून ठरलेला प्रश्न येतो : "ऐन थंडीत गोधडी शिवत नाही, तर तुम्ही या दिवसांत करता तरी काय?" पावसाळ्यात छत्री नाही म्हणणाऱ्या दुकानदाराकडे बघावं, तसा तो सूर असतो. इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलंय, की एकदा नीट सांगूनच टाकते.

गोधडी हे उन्हाळ्याचं काम. आमच्या गावाकडे सुगी आटोपली, धान्य घरात आलं, की बायकांना हात मोकळे मिळायचे आणि पावसाच्या आत गोधड्या उरकायच्या असायच्या. हात मोकळे असणं तर झालंच, त्यात जागाही लागते. लुगड्याचे थर जमिनीवर पसरायचे, त्यांच्यावरच बसायचं आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत सरकत जायचं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. सहा फुटी घड्या घातल्या की एका नऊवारीचे चार थर सहज निघतात, वर थोडं उरतंही. जानेवारीत नाशिकच्या फरशीवर असं तासभर बसून बघा. गुडघे बोलायला लागतात, बोटं आखडतात, टाका मोठा पडायला लागतो. संध्याकाळी साडेपाचनंतर फिक्या कापडावरचा पांढरा दोरा दिसत नाही. आणि ज्या जुन्या गोधड्या दुरुस्तीला यायच्या, त्या या दिवसांत लोकांच्या अंगावर असतात. काढून देणार कोण?

म्हणून थंडीत मी कातरणांकडे वळते. संक्रांतीच्या अलीकडचा आठवडा तर पूर्ण त्यांचाच.

पहिला दिवस निवडण्यात जातो. शेजारच्या दोन-तीन ब्लाउज शिवणाऱ्या बायका मला पिशव्या भरून कातरणं देतात. त्यांत टू बाय टू, रुबिया अशी ब्लाउजची कापडं असतात, खणाचे तुकडे, अस्तराच्या पट्ट्या, मुंढ्याच्या कापातले अर्धचंद्र. नवशिके लोक आधी रंग वेगळे करतात. मी आधी कापड वेगळं करते, कारण रंग डोळ्याला दिसतो पण सुती आणि पॉलिएस्टरची मिसळ दिसत नाही. शंका आली की कडेचा एक धागा ओढून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटात भुरभुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. येवल्याच्या रेशमाची एखादी चिंधी कधीतरी हाती लागते, ती मी सुतीत मिसळत नाही. धुतल्यावर दोन कापडं दोन तऱ्हेनं वागतात आणि भांडण मध्ये शिवणीवर होतं.

हे सगळं बघून हल्ली मुली मला म्हणतात, "काकू, किती छान, काही वाया जात नाही!" इथे मला जरा आडवं बोलावं लागतं. कातरणांचं शिवण म्हणजे काटकसर, हे मला पटत नाही. हिशेब करा. बारा इंचांचा एक चौकोन घ्या. त्याचे दोन-दोन इंचांचे छत्तीस तुकडे करा आणि ते परत जोडा. प्रत्येक शिवणीला दोन्ही तुकड्यांची पाव-पाव इंच मार्जिन आत जाते, म्हणजे दोन इंचांच्या तुकड्याचा दिसणारा भाग दीड इंच. सगळं जोडून हातात येतो साडेनऊ इंचांचा चौकोन, तोही कडेची मार्जिन धरून. तुकडा इंचभराचा असेल तर त्याचा पाऊण हिस्सा शिवणीत गडप होतो, दिसतं फक्त अर्ध्या इंचाचं टिकलीएवढं. दोरा वेगळा, इस्त्रीची वीज वेगळी. म्हणून दीड इंचाखालचा तुकडा मी जोडायला घेत नाही. तो टाचण्यांच्या उशीत भरला जातो.

आपल्या जुन्या बायका या बाबतीत फार हुशार होत्या. गोधडीवर ठिगळ लावताना त्या तुकड्याला तुकडा जोडत नसत. खालच्या थरावर ठिगळ ठेवायचं, दिसणारी कड दुमडायची आणि उरलेली उघडी कड पुढच्या ठिगळाखाली सारायची. कापड कमी जातं, मापं जुळवायची कटकट नाही, वेडावाकडा तुकडाही खपतो. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, त्यांचीही हीच चाल : कडेपासून सुरुवात आणि आत सरकत जाणं. मोजून, कापून, काटकोनात जोडण्याची अमेरिकी पद्धत मलाही आवडते, पण ती चौकोनी मनाच्या लोकांसाठी आहे. अर्थात अमेरिकेतही सगळे चौकोनी नाहीत. अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्यांतल्या कितीतरी रेषा वाकड्या आहेत, आणि त्या वाकडेपणातच त्यांचा जोर आहे.

मग काटकसर नाही तर मी हे करते कशाला? उन्हाळ्याच्या तयारीसाठी. गोधडीवर एकदा ठिगळं लागली की पुन्हा उसवणं जिवावर येतं. सहा इंचांच्या तुकड्यावर मात्र हवा तो धीटपणा करता येतो. गुलाबीशेजारी शेवाळी चालतो का, मधे पिवळ्याची बारीक रेघ दिली तर दोन्ही उठतात का, खणाच्या बुट्ट्या साध्या कापडावर भारी पडतात का, हे सगळं मी जानेवारीत बघून घेते. पाया म्हणून जुन्या धोतराचा चौकोन घ्यायचा आणि त्यावर पट्ट्या तिरक्या शिवत जायच्या. बरेच जण पायाला वर्तमानपत्र घेतात आणि मागून फाडून काढतात. मला ते नको वाटतं. शाई हाताला लागते, आणि कागद ओढताना टाकेही ढिले होतात. धोतर तिथेच राहतं आणि ऊबही देतं. मुंढ्याचे अर्धचंद्र तिरक्या धाग्यावर असतात, ते ओढले की लांबतात. त्यांच्यावर इस्त्री नुसती टेकवायची, फिरवायची नाही.

या आठवड्यातली माझी खरी चैन म्हणजे काळा रंग. एरवी वर्षभर काळं कातरण मिळत नाही. संक्रांत आली की सगळ्यांना काळं हवं असतं : काळी साडी, काळा ब्लाउज, बोरन्हाणाच्या बाळाला काळं झबलं. शिवणाऱ्या बायकांच्या टोपल्या काळ्याभोर होतात आणि ते सगळं माझ्याकडे येतं. काळ्याची पाऊण इंची रेघ दिली की कितीही विजोड तुकडे एकमेकांशेजारी नांदतात. मात्र ती रेघ शेवटी द्यायची. आधीपासून काळं हाताशी असलं की रंगांचा विचार करायचा कंटाळा येतो.

या तुकड्यांतून जे बनतं ते बहुतेक वाणात जातं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या सगळ्यांकडे वर्षानुवर्षं साठल्यात. मी बटवे लुटते आणि कढई धरायची जाड फडकी. फडक्यांना फक्त सुती कापड, आतबाहेर सगळीकडे. पॉलिएस्टर गरम कढईला चिकटलं तर बोटंही भाजतील. अस्तराला मालेगावच्या मागावरचं मांजरपाट, आधी धुऊन खळ काढलेलं.

आता शिवणाच्या सोबतीला असणाऱ्या वाचनाचं. मशीनवर बसून वाचन होत नाही, ऐकणंही होत नाही, आवाजच तेवढा असतो. हातशिलाई मात्र दुपारी गच्चीवर उन्हात चालते आणि तेव्हा कान रिकामे असतात. खालच्या मजल्यावरच्या काकू वाचून दाखवतात, मी बटव्यांच्या कडा शिवते. फोनवर पुस्तकं ऐकता येतात, हे मला माहीत आहे. पण फोनला "थांबा, हे परत वाचा" म्हटलं तर तो काकूंसारखा चष्मा पुसत थांबत नाही.

वाचायला असतात दिवाळी अंक. दिवाळीत वाचनालयात त्यांच्यासाठी झुंबड असते, जानेवारीत ते निवांत मिळतात. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं, आणि दिवाळी अंकाची प्रथा 1909 च्या 'मनोरंजन'पासूनची. अंकातला एखादा लेख एका बटव्यात बसतो. कथा मोठी असली तर दोन बटवे.

या वर्षी मात्र काकूंनी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म 1868 चा. शाळा फारशी न शिकलेल्या या बाईंचं पुस्तक 1934 पासून भागाभागांनी आलं. सोवळ्यापायी अख्खं घर वेठीला धरणारे त्यांचे वडील आले, की काकूंना वाचताना हसू आवरत नाही आणि मला टाका सांभाळता येत नाही. लक्ष्मीबाई दुःखाच्या जागीही रेंगाळत नाहीत, सांगतात आणि पुढे जातात. काकू म्हणतात, तू त्यांच्यासारखं थोडक्यात बोलायला शीक. तर ते सोडा.

तुमच्या गोधडीबद्दल सांगायचं तर, होळी झाली की माझी फरशी मोकळी असते. साड्या गुढीपाडव्याच्या आत आणून द्या, म्हणजे पावसाआधी गोधडी हातात पडेल. आणताना धुऊन आणा, स्टार्च न घालता, आणि फॉल उसवून. जॉर्जेट नको, ते सुईखालून निसटतं आणि थरांत सरकत राहतं. आईची, आजीची साडी असेल आणि ती विरली असेल तरी चालेल, ती मी मधल्या थरात घालते. तिचा काठ मात्र कापू का, ते आधी घरात विचारून या.