ही जास्त बरी दिसते

मंगळवार, रात्री उशिरा

डिस्प्ले, म्हणजे सरांपुढे आपलं काम भिंतीवर मांडणं, पार पडला. वाईट गेला असंही नाही. सरांनी सगळे प्रिंट पाहिले, एकदोन ठिकाणी मान हलवली, प्रबंधाचा विषय अजून पसरट आहे म्हणाले (तो आहेच). निघता निघता टेबलावर नुसती पडलेली झिंकची प्लेट, जिच्यावरून प्रिंट छापले तीच, उचलली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि म्हणाले, "ही जास्त बरी दिसते." बस. पुढच्या भिंतीकडे गेलेसुद्धा.

त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं, निदान घरी येऊन आईजवळ रडता येतं. याचं काय करायचं? आईला सांगितलं तर म्हणेल, अगं, कौतुकच केलं की.

कौतुक कुणाचं पण? चित्र इथल्या, बडोद्यातल्या, तांबेकर वाड्यातल्या भिंतीवरून सुचलेलं. वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, कृष्णलीला आहे, मराठे-इंग्रजांची लढाई आहे, आणि जिथे रंग सुटलाय तिथे नुसता चुना. मला तो सुटलेला भाग हवा होता. छापल्यावर सगळं उलटं येतं म्हणून प्लेटवर मी तो मुद्दाम उलटा काढला. घोडा डावीकडे धावायला हवा, म्हणून उजवीकडे धाववला. म्हणजे सरांना जे आवडलं ते माझं चित्र नव्हेच, चित्राची पाठ आहे.

आणि त्या पाठीवर किती मेहनत! जस्तावर नायट्रिक ॲसिड चढलं की रेघेरेघेतून बारीक बुडबुडे फुटायला लागतात. ते पिसाने हलकेच सारत राहायचे, कारण बुडबुडा बसून राहिला की त्याच्याखाली ॲसिड पोचत नाही आणि रेघ तुटक खाल्ली जाते. त्या वाफेत उभं राहून घसा धरला होता माझा. पण ती मेहनत प्लेटसाठी कधीच नव्हती, कागदासाठी होती. शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटी तळहाताला खडूची पूड लावून अगदी वरचेवर हात फिरवायचा. कागद भिजवून, टिपून, दमट असतानाच प्रेसखाली. वरचं लोकरी फेल्ट उचलून कागदाचा कोपरा सोलत वर घेताना काळीज अजूनही वर येतं.

खरं सांगायचं तर प्लेट जास्त देखणी असते हे प्रिंटमेकिंगमध्ये सगळ्यांनाच माहीत असतं. रेघ खोल, तिच्यात शाई अडकलेली, मधला धातू चकाकतोय, जरा कलली की उजेड हलतो. कागद बिचारा सपाट. हे कुणी मोठ्याने बोलत नाही इतकंच. सर बोलले.

मत्सर वाटतोय मला. स्वतःच्याच प्लेटचा. लिहून पाहिल्यावर फारच येडपट दिसतंय, पण तेच आहे. पेंटिंगवाल्यांचं बरं, एक कॅनव्हास, जे काय आहे ते त्यावरच. आम्ही मात्र एका वस्तूवर मरमर मरायचं आणि दुसरीच दाखवायची. त्यात परत काका विचारणार, आठ-आठ प्रती काढतेस तर एवढी किंमत कशाची. दादाचाही फोन येऊन गेला संध्याकाळी. उचलला नाही. तो विषय आज नको.

येताना दांडियाबाजारात आत्याकडे डोकावले, सेव-उसळीच्या आशेने. देवघरात तिची ती जुनी लक्ष्मी, रविवर्म्याची, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याची पुराणातली चौदा चित्रं सयाजीरावांनी करवून घेतली होती, ती इथेच राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत, तिकीट काढून बघायची. पण लोकांच्या घरात पोचला तो छापलेला रविवर्मा. चित्रं छापून घ्या हे त्याला सुचवणारे टी. माधवरावही आपल्या बडोद्याचेच माजी दिवाण. मग १८९४ साली मुंबईत प्रेस निघाला, पुढे तो मळवलीला गेला. एकेका रंगाला वेगळा दगड, एका लक्ष्मीमागे किती दगड झिजले असतील! ते दगड जास्त बरे दिसत होते का हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मी आत्याला म्हटलं, हिचा मूळ दगड कुठे असेल गं? ती म्हणाली, लक्ष्मी आहे ती, दगड कसला, आणि हात धुऊन ये आधी, काळे आहेत.

तिथे हसू आलं. तेवढ्यापुरतं बरंही वाटलं. माझी काही देवघरात जाणारी लक्ष्मी नव्हे, आठ प्रतींची एडिशन, त्यातली एक मुंबईची मैत्रीण नेईल, तेही ती खरंच गेली तर. पण शाई नखातून निघत नाही, तशी ती निघूच नये असंही वाटतं. इथून कुठे जाणार आहे मी.

आता खरी पंचाईत वेगळीच. एडिशन पुरी झाली की प्लेट बाद करायची असते, सुईने आरपार चरा ओढून, पुन्हा कुणी छापू नये म्हणून. आजवर मला त्यात काही वाटलं नव्हतं, उलट एक सुटल्यासारखं वाटायचं. या प्लेटवर मात्र सुई टेकवायला हात होईना. सरांच्या एका वाक्याने ती वस्तू झाली. फायनलला ती भिंतीवर लावली तर? प्रिंटच्या शेजारी? मग प्रिंट मेलाच समजा. प्रिंट काढून नुसती प्लेट लावली तर विचारतील, छापता येत नाही का. आणि कदाचित सर चहाच्या घाईत काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असतील, आत्ता घरी घोरत असतील, आणि मी इथे.

प्लेट सध्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवलीय. आईने ती उचलून पाहिली, हातात वजन तोलून बघितलं आणि विचारलं, जस्ताला भंगारवाला काय भाव देतो. दोनशेच्या वर असेल तर सांग म्हणाली, माळ्यावर अजून बऱ्याच आहेत.