गाबोळी, जाळ्याचा आस आणि शेपटीचा दांडा
ट्रेमध्ये दोन ओळी मांडल्या होत्या. वर नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) फुगवट्यातल्या तीस पुंटियस सोफोर या छोट्या मासोळ्या, खाली कन्नडजवळच्या शिवना नदीच्या वाहत्या पाण्यातल्या तीस. दोन्ही ऑगस्टच्या. वरची ओळ बघताक्षणी रुंद वाटत होती. संथ पाण्यात अंग उंच, धारेत निमुळतं, ही माहीत असलेली गोष्ट. त्यामुळे निकाल लागलाच असं आम्ही धरून चाललो.

मग कॅलिपर हातात घेतला. प्रमाण लांबी तोंडाच्या टोकापासून, शेपूट वळवल्यावर जिथं घडी पडते तिथपर्यंतच. शेपटीचे पर धरायचे नाहीत, ते बहुधा कुरतडलेले असतात. धरणातली एक मासोळी 64 मिमी लांब आणि तब्बल 24 मिमी उंच भरली. चिरली, तर आत गच्च गाबोळी! मग साठही चिरल्या. वरच्या ओळीत बहुतेक गाभण माद्या, खालच्या ओळीत नर जास्त.

खरी गोम जाळ्यात होती. धरणात ताणजाळं लावलं होतं, त्यात मासा घेराप्रमाणे अडकतो. सडपातळ मासा आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, निसटतो, पोट सुटलेली मादी सापडते. शिवनेत बारीक आसाचं फेकजाळं टाकलं होतं, त्यात सगळंच येतं. म्हणजे आम्ही पाण्यातला फरक नाही, जाळ्यातला फरक मोजत होतो. मग शेपटीच्या दांड्याची, म्हणजे शेपटीच्या परांआधीच्या अरुंद भागाची, सर्वांत कमी उंची मोजली. तिथं गाबोळीचा संबंध नसतो. लांबीच्या हिशेबात ती दोन्ही ओळींत जवळपास सारखीच निघाली.

मासे टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिननेही हात दाखवला होता. एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी हे बरोबर. पण अरुंद बाटलीत मासे उभे कोंबले की वाकडे कडक होतात आणि लांबी कमी भरते.

आता नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडे एकच फेकजाळं. फोटो काठावरच, फॉर्मॅलिनच्या आधी: थर्माकोलवर पर टाचणीने ताणून, शेजारी पट्टी, कॅमेरा बरोबर वर आणि मासा चौकटीच्या मध्यावर, कारण कडेला भिंग आकार ताणतं. नर-मादी वेगळे. नुसतं गुणोत्तर काढायचं नाही. मासा वाढतो तसं प्रमाणही बदलतं, म्हणून मापांचे लॉग (लॉगॅरिदम) काढून सगळ्या मापांना एका सरासरी लांबीवर आणायचं.

एवढं करून फरक उरला, तरी तो धारेचाच असेल असं नाही. धरणात मरळ, शिवडा हे शिकारी मासे आहेत, आणि उंच मासा गिळायला अवघड. युरोपातल्या क्रुशियन कार्पचं अंग शिकारी पाईक माशाच्या सहवासात उंच होतं, हे 1992 मध्येच दाखवलं गेलंय. त्यामुळे दोन्हीकडची पिल्लं एकाच खाद्यावर, निम्म्या टाक्यांत पंपाने धार सोडून वाढवायची आहेत. सध्या पंप चाचणीवर आहे. रात्री लाइट गेली की धार बंद पडते.