खेपांचा हिशोब

पाडवा

टेम्पो दारात उभा आहे. ४०७, सेकंडहँड, टिपरची बॉडी, पिवळी पाटी. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, भावाने नारळ फोडला. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "मागचे दोन टायर गुळगुळीत झालेत, बघितलंत का?" बघितलं होतं. त्यावरूनच किंमत पाडून घेतली होती, पण मुहूर्ताच्या दिवशी हे कोण सांगणार.

कागदावर धंदा माझ्या नावावर आहे. उद्यम नोंदणी मोबाईलवरच झाली. व्यवसायाच्या रकान्यात 'बगीचा विकास व मालवाहतूक' लिहिलं. भाऊ म्हणाला, "मालवाहतूक आधी लिही, पैसा तिथे आहे." मी नाही लिहिलं.

भावाने इतकी वर्षं हिंजवडीला कंपनीची स्टाफ बस चालवली. मी पुण्यात एका लँडस्केप काँट्रॅक्टरकडे होते; उद्यानविद्येची पदविका, पण निम्मा वेळ बिलं आणि मोजमापं. ट्रॅक्टर अण्णांचा, पंचेचाळीस एचपीचा, शेतीच्या नावाने पासिंग झालेला. मग टेम्पो कशाला, हे घरात सगळ्यांनी विचारून झालं. इकडे मुळशीत कित्येक ट्रॉल्या भाड्याने मुरूम ओढतात हे मलाही दिसतं. पण विमा शेतीचा आणि माल भाड्याचा. रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार. म्हणून ठरवलं: ट्रॅक्टर प्लॉटवरच्या कामाला, जाता-येता रिकामा. रस्त्यावरचा माल टेम्पोत.

आणखी एक. माझं लायसन्स साधं, एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगून टाकलं की या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. आमचा टेम्पो त्याच्या आतला. भावाने मला घाटात चालवायला बसवलं आणि पिरंगुटपर्यंत स्वतःचा डावा पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबून धरला.

एप्रिल, दुसरा आठवडा

पहिलं मोठं काम पौडच्या पुढे. पुण्याचं जोडपं, दोघेही नोकरीत, बंगला जवळजवळ झालेला, दसऱ्याला वास्तुशांत करायची. समोर लॉन हवं, कडेने पाम हवेत, "हिरवंगार" हवं.

रात्री भाऊ गणित करत बसला. हजार चौरस फूट लॉन, चार इंच माती म्हणजे ३३३ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट. सव्वातीन ब्रासच्या वर गेलं. माती बसते, तेव्हा चार धरायची. भरलेल्या मातीचा ब्रास साडेचार टनांच्या आसपास जातो, ४०७ मध्ये अर्धा ब्रास टाकला की स्प्रिंगचे पाटे सरळ होतात. म्हणजे आठ खेपा. वर शेणखताच्या वेगळ्या, वाळूच्या वेगळ्या. शिवाय बंगल्याभोवतीचा मातीचा ढीग उचलून न्यायचा, त्याच्या कितीतरी. भावाचा चेहरा खुलला. खेपेवर पैसे, हे त्याला बसच्या पगारापेक्षा फार स्वच्छ वाटतं.

मी तो ढीग पाहिला होता. त्यात वरची माती होती, काळपट, भुसभुशीत, मुळांच्या धाग्यांनी भरलेली. जेसीबीवाल्याने पाया खणताना ती खालच्या मुरमात कालवून टाकली होती. ती उचलून फेकायला मालक पैसे देणार, आणि तिच्याच जागी लाल माती आणायला पुन्हा पैसे देणार. पुण्याच्या ऑफिसात वर्षानुवर्षं हेच बघितलं. तिथे गप्प राहायचा पगार होता.

एप्रिलची अखेर

दोन दिवस ट्रॅक्टर प्लॉटवर. ढीग चाळणीवर घेतला, मुरूम वेगळा, माती वेगळी. मुरूम गाडीच्या वाटेवर गेला. तोही विकतच आणणार होते ते! पाण्याची नळी धरून लेव्हल काढली, उताराकडे दीड फूट भर लागणार होती, ती ढिगातूनच निघाली. मातीत बाहेरून फक्त शेणखत आणि थोडी वाळू.

भाऊ ब्लेड चालवत होता, पण तोंड सुतकी. संध्याकाळी चहाला म्हणाला, "ताई, तू माझ्याच पोटावर पाय आणतेस." खोटं नाही ते. धंदा एक, पण त्याची दोन टोकं उलट्या दिशेने ओढतात: त्याची कमाई माती हलवण्यात आणि माझं काम ती शक्यतो न हलवण्यात.

मी कायद्याकडून त्याला वळवायला बघितलं. बाहेरून मुरूम-माती आणायची तर ती कायद्याने गौण खनिज. स्वामित्वधन, म्हणजे सरकारची रॉयल्टी, भरलेली पावती हवी, आणि २०२१ मध्ये ब्रासला ४०० चे ६०० झाले. पावतीशिवाय गाडी सापडली तर दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत, शिवाय गाडी तहसीलच्या आवारात. उलट प्लॉटवर पाया खणताना निघालेली माती तिथल्याच भरावाला वापरली तर गोष्ट वेगळी. पुण्याच्या बिल्डरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसं म्हटलंय. भावाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टेम्पोचा हप्ता पाच तारखेला जातो. सर्वोच्च न्यायालय भरणार का?"

मे

हे काम आधी लिहून ठेवायला हवं होतं, कारण यातूनच पुढचं सगळं निघालं. कोळवण खोऱ्यातला प्लॉट, पूर्वीचं भाताचं खाचर. मालक निवृत्त, स्वभावाने गोड, पण गेल्या पावसाळ्यात लॉन सडलं म्हणून आधीच्या माळ्यावर भयंकर चिडलेले. माळ्याने औषध मारलं, वाळू टाकली, पुन्हा लॉन टाकलं, ते पुन्हा सडलं.

अण्णांना सांगितलं तर ते हसले. "खाचरात गवत लावलंय आणि पाणी साठतं म्हणून रडतोय?"

खाचर बांधलेलंच असतं पाणी धरायला. पिढ्यान् पिढ्या दर आषाढात चिखलणी करायची, बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी चिखल घोटायचा; त्याने वीतभर खाली एक कडक थर तयार होतो. त्या थरामुळेच भाताच्या पायाशी पाणी उभं राहतं. वरून कितीही लाल माती ओता, पाणी त्या थरावर येऊन थांबणार आणि लॉनची मुळं त्यात बुडणार. आधीच्या माळ्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? तो कुंड्यांमधून शिकलेला, त्याने खाचर कधी कसलं नव्हतं.

भावाने पलटी नांगर लावला. जमीन तापून दगड झालेली, ट्रॅक्टर पुढून उचलत होता, अण्णा स्वतः येऊन बांधावर उभे राहिले, "खोल एकदम नको, दोनदा घे." दुसऱ्या फेरीत तो थर वर आला. एक ढेकूळ मी हातात घेतलं. राखाडी, जड, कडा पाटीसारख्या धारदार. फोडलं तर आत तांबूस बारीक रेघा, उभ्या, सुतासारख्या. भाताच्या मुळांच्या वाटा त्या. मुळं कुजून गेली, पण वाटेवर लोखंड गंजून रंग राहिला. मालकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं आणि ते ढेकूळ घरात नेऊन शोकेसमध्ये ठेवलं. पाहुण्यांना दाखवतात म्हणे.

थर फोडला, खालच्या बांधाला दोन ठिकाणी तोंड करून दगड भरून दिलं, जमिनीला त्या बाजूला हलका उतार दिला. बाहेरून मातीची एकही पाटी आणली नाही. मग बिल दिलं, आणि मालक तितक्याच गोडपणे म्हणाले, "ताई, माती माझीच होती ना? मग एवढे पैसे कसले?"

दहा गाड्या माती आणून ओतली असती तर त्यांनी मोजून पैसे दिले असते. गाडी दिसते, मोजता येते. जे आणावं लागलं नाही ते कुठल्या रकान्यात लिहायचं? निम्मे पैसे तेव्हा मिळाले. उरलेल्यांना ते म्हणाले, "पाऊस पडू दे, मग बघू." मान्य केलं. चिडचिड झाली ती घरी येऊन.

मृग लागला

भाऊ गेले काही दिवस गप्प होता, तो गप्प बसून काहीतरी जुळवत होता हे आज कळलं.

रोपं आम्ही सोलापूर रोडच्या नर्सऱ्यांतून आणतो, सोरतापवाडी-उरुळी कांचनकडून. मुळशीतून म्हणजे अख्खं पुणे ओलांडायचं. पहाटे शहर पार केलं नाही तर अवजड वाहनांच्या वेळांत अडकून पडायचं. जाताना गाडी रिकामी, येताना रोपं. रोपं हलकी, पण डिझेलला ते कळत नाही.

पठ्ठ्याने काय केलं, इथल्या भात गिरण्यांमधून तूस उचललं. इंद्रायणी भरडली की तुसाचे डोंगर. पॉलिहाऊसवाले जरबेराच्या गादीवाफ्यात माती मोकळी राहावी म्हणून भाताचं तूस घालतात, नर्सरीवाल्यांनाही पिशव्या भरायच्या मिश्रणात चालतं. वजन नाही, खनिज नाही, पावतीची भानगड नाही. पोत्यांवर ताडपत्री घट्ट बांधायची एवढंच, नाहीतर चांदणी चौकात मागच्या दुचाकीवाल्यांचं वास्तुपूजन व्हायचं. जाताना तूस, येताना रोपं. "तुझी माती जागेवर राहू दे," म्हणाला. "मला खेपा कुठून मिळवायच्या ते कळलं."

मला त्याचं फार कौतुक वाटलं. बोलले नाही, त्याला लगेच नवीन म्युझिक सिस्टिम सुचते.

पौडच्या कामाला आज रोपं उतरली. पाम हवेतच म्हणून ठाम होते; चार फॉक्सटेल दिले, बाकी रांगेत ताम्हण आणि बहावा. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल आहे हे बाईंना माहीत नव्हतं, कळल्यावर पाम दोनच राहिले. लॉनला मेक्सिकन मागत होते. दिसतं सुंदर, पण गादीसारखं दाट होत जातं आणि आमच्याकडच्या पावसात खालून कुजायची भीती. सिलेक्शन नंबर वन घ्या म्हटलं. कापावं जास्त लागतं, पण आपल्या हरळीच्या जातीचं, चिवट.

आषाढी एकादशी

सगळं काम बंद. लावणी सुरू.

पुण्यातल्या गिऱ्हाइकांना हे समजावणं अवघड जातं. झाडं लावायला, लॉन बसवायला हाच काळ सोन्यासारखा, आणि याच दिवसांत मुळशीत माणूस मिळत नाही. लॉनच्या लाद्या ज्यांच्या हाताने नीट बसतात त्याच बाया लावणीला वाकलेल्या. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या शेतात राबायचं: आत्याकडे इर्जिक, काकांकडे इर्जिक, आमच्याकडे तर आहेच. ट्रॅक्टरची चाकं उतरवून लोखंडी चाकं चढली. भाऊ गुडघाभर चिखलात आमच्याच खाचरात चिखलणी करतोय. कोळवणला जो थर फोडायला दोन दिवस घालवले तोच थर इथे नव्याने घोटतोय. मी हे त्याला बांधावरून ओरडून सांगितलं. त्याला इंजिनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, त्याने हात हलवला.

पौडच्या सरांचा फोन आला, उरलेलं लॉन कधी? म्हटलं लावणी झाल्यावर. "पण तुमची कंपनी आहे ना?" आहे सर. कंपनी चिखलात आहे.

ऑगस्ट

ताम्हिणीकडून सलग चार दिवस धो धो. पाचव्या दिवशी कोळवणला गेले. मालक छत्री घेऊन लॉनवर उभे. पाणी उतरलं होतं, बांधाच्या दोन्ही तोंडांतून धार चालू होती, गवत पिवळं पडलेलं नव्हतं. उरलेले पैसे त्यांनी चहाआधी दिले आणि शेजारच्या प्लॉटवाल्यांचा नंबरही दिला.

शेजारच्यांचं कोटेशन आज रात्री लिहिलं. यावेळी खेपेचा दर कुठेच नाही. पहिली ओळ जागेची पाहणी आणि लेव्हल, तिचे पैसे आधी, काम आम्हाला मिळो न मिळो. दुसरी ओळ ट्रॅक्टर, तासावर. तिसरी ओळ 'जागेवरील माती राखणे, चाळणे, पसरणे', ठोक रक्कम. बाहेरचा माल लागलाच तर स्वामित्वधनाच्या पावतीसह, प्रत्यक्ष खर्चाने. जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी आम्हाला बोलवायचं, म्हणजे वरची वीतभर माती आधी बाजूला काढून ठेवता येईल, ही अट ठळक अक्षरात.

भावाने वाचलं. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे वाचून पळून जातील."

म्हटलं, जातील काही.

"आणि रक्कम कमी लावलीस," म्हणाला, आणि पेन घेऊन स्वतःच वाढवली.