तुर्तुकचे जर्दाळू लेहमध्ये घेऊ नका

तुर्तुक हे लडाखच्या नुब्रा खोऱ्यातलं जर्दाळूंचं गाव. लेहच्या बाजारात ‘खास तुर्तुकचे’ म्हणून किलोला ९०० रुपये मोजले. नारिंगी, मऊ, चकचकीत जर्दाळू. चार दिवसांनी तुर्तुकमध्येच एका छतावर उभा होतो, आणि समोर वाळत पडलेला एकही जर्दाळू तसा दिसत नव्हता.

खरा माल तपकिरी असतो. सफरचंदाची फोड उघडी ठेवली की काळी पडते, तसलाच प्रकार. नारिंगी रंग टिकवायला गंधकाची धुरी द्यावी लागते. घरातल्या आजींना माझी पिशवी दाखवली. त्यांनी एक जर्दाळू उचलून हुंगला, परत आत टाकला आणि हसल्या. मला त्या ९०० रुपयांत काय मिळालं ते कळलं.

तिथली छतं आपल्या धाब्याच्या घरांसारखी, सपाट. आपण कुरडया घातल्या असत्या तिथे ‘चुली’, म्हणजे तिथल्या बोलीत जर्दाळू. झाड हलवून फळं पाडायची, पसरायची, सुरकुतली की चिमटीत दाबून बी काढायची आणि पुन्हा उन्हात. मध्येच सर आली तर सगळं घर छतावर धावतं, कारण भिजलेला माल काळा पडून आंबतो. बियाही टाकत नाहीत. गोड गर खातात, कडव्याचं तेल काढतात. कडू गर गंमत म्हणून चघळू नका, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं.

जूनमध्ये गेलात तर झाडावर फक्त कच्ची फळं दिसतील. ऑगस्टच हवा. ‘खारदुंग ला’ ही उंच खिंड एका दमात ओलांडून आलेल्यांनी तुर्तुकच्या वरच्या वस्तीची, फारोलची, चढण त्याच संध्याकाळी चढू नये; मी चढलो, वर पोचून अर्धा तास बोलू शकलो नाही. हुंदरची वाळू, उंट वगैरे वाटेत आहे. बघा.

माल घरातूनच घ्या, रोख पैसे न्या. मला ४०० रुपये किलोने मिळाला. चिवट हवा, दाबल्यावर बोटाला ओल लागता कामा नये, नाहीतर मुंबईच्या हवेत आठवड्यात बुरशी. आणल्या आणल्या फ्रिजमध्ये.

लेहची ती पिशवी अजून अर्धी शिल्लक आहे. कुणाला हवी असेल तर न्या, फुकट.